देवमाशाचा घोटा

बरीच वर्षं मी दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा दशावतारापासून सुरू केला. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यातला नि जमिनीवरचाही, वराह पुरता जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू अर्धा माणूस, मग वामन, मग परशुराम. मुलांचे चेहरे उजळायचे. आमच्या कुडाळकडच्या मुलांना मत्स्यावतार समजावून सांगावा लागत नाही. काळा संकासुर वेद पळवतो आणि विष्णू त्याला मारतो, हे त्यांनी जत्रेतल्या दशावतारी खेळात आईच्या मांडीवर पेंगत पेंगत पाहिलेलं असतं. माझ्या लहानपणी तर माझे वडीलच तो विष्णू व्हायचे. हाल्डेनसारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञालाही दशावतारात उत्क्रांतीचा ढोबळ क्रम दिसला होता, याचाही मला आधार वाटे.

पुढे मी ते सोडलं. त्याला कारण झाला देवमासा.

नावात मासा, पण तो हवेत श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो. मासा शेपटी डावी-उजवी हलवतो, देवमासा वर-खाली. धावणाऱ्या कुत्र्याचा कणा जसा वर-खाली वाकतो तसाच याचाही वाकतो, फक्त पाण्यात. त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते आणि तिथून समुद्रात गेले. दशावताराची शिडी पाण्यातून वर माणसाकडे चढते. देवमाशाला त्या शिडीवर पायरीच नाही. उत्क्रांती कुणाकडे चढत जात नाही, तिला फांद्या फुटतात, हे मी फळ्यावर झाड काढून शिकवत होते आणि त्याच तासाला शिडीही दाखवत होते. दोन्ही एकदम खरं असू शकत नव्हतं.

पण देवमासा जमिनीवरून आला हे कळलं कशावरून? इथे मला रेंगाळायचं आहे, कारण माझ्या मनाला जे पटलं ते इथेच.

डार्विनने उत्क्रांतीवरच्या आपल्या ग्रंथाच्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत, तोंड उघडं ठेवून पोहणाऱ्या अस्वलापासून देवमाशासारखा प्राणी घडू शकेल, असं उदाहरण दिलं होतं. लोक हसले, त्याने पुढे तो मजकूर आखडता घेतला. तो तर्क चुकलेलाच होता. नंतरच्या जीवाश्म-अभ्यासकांनी दातांच्या साम्यावरून मेसोनिकिड नावाच्या, नष्ट झालेल्या मांसाहारी प्राण्यांकडे बोट दाखवलं. मग १९९०च्या दशकात जपानमध्ये नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने डीएनए तपासला. देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक निघाला पाणघोडा, म्हणजे शेळ्या, डुकरं, हरणं यांच्या गोतातला. हाडं एक सांगत होती, डीएनए दुसरं. फिलिप गिंगरिच हाडांच्या बाजूचे. ते बलुचिस्तानात खणत राहिले आणि त्यांना ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशाचा घोटा मिळाला.

त्या घोट्यातल्या हाडाला वरही कप्पी होती आणि खालीही.

हे काय असतं ते मुलांना दाखवायला मी घरी आणलेल्या मटणातलं घोट्याचं हाड उकळून, घासून, उन्हात वाळवून वर्गात नेलं. विहिरीच्या कप्पीसारखी खाच, दोन्ही टोकांना. शेळी, डुक्कर, उंट, हरीण, सगळ्यांना तशीच. कुत्र्याला नाही, घोड्याला नाही. गिंगरिच यांनी स्वतःचं आधीचं मत सोडलं आणि २००१ साली तसं छापलं. एकमेकांशी न बोललेले दोन साक्षीदार, एक दगडातला आणि एक पेशीतला, आणि दोघांची जबानी जुळली. ज्याला दुसरंच सिद्ध व्हायला हवं होतं त्याच्याच हातून ती जुळली. याला मी पुरावा म्हणते.

पुढचा दुवा आपल्याकडचा. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जम्मूतल्या कालाकोटहून दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात ते जीवाश्म-अभ्यासक हान्स थेविसेन यांच्याकडे गेले. तिथे साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली भिंत देवमाशासारखी जाड होती. प्राणी मात्र होता मांजराएवढा, खुरांचा: इंडोहायस. डॉल्फिनच्या गर्भाला तर आजही सुरुवातीच्या काही आठवड्यांत मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि विरून जातात.

हे सगळं खोटंही ठरू शकलं असतं. मुंबईत वरळीला लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे सांगाडे सापडले आहेत, सहा कोटी वर्षांहून जुने, म्हणजे त्या पायवाल्या देवमाशाच्याही कितीतरी आधीचे. त्या बेडकांशेजारी देवमाशाचं एक जरी हाड निघालं असतं, तर ही सगळी मांडणी कोसळली असती. मत्स्यावताराला असं कोसळण्याचं भय नाही. म्हणून तो खोटा ठरत नाही. तो पुराव्याच्या प्रांतातला नाही, एवढंच.

२०१८मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी सांगितलं की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कधी सांगितलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी तेव्हा एकत्र निषेध केला, ते बरंच झालं. मला मात्र आपल्याकडचे जुने तर्कशास्त्री, नैयायिक, आठवले. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे हे जाणणं, म्हणजे अनुमान, त्यांनी प्रत्यक्षाच्या बरोबरीने प्रमाण मानलं. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं म्हणणारे ते वेद न मानणारे चार्वाक. वेदांचा अभिमान बाळगणाऱ्याने अनुमान का टाकावं, हे मला समजत नाही. घोट्याचं हाड हा धूरच आहे.

धड्यातून दशावतार काढला हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते ओसरीवर संध्याकाळच्या जत्रेसाठी मुकुटाचा बेगड डकवत बसले होते. हात थांबला.

"मगे माझो विष्णू खंय गेलो गो?"

"तो होतो थंयच आसा, बाबानू. मी तेका साक्षीक उभो करूचां सोडलंय, इतक्यांच."

ते काही बोलले नाहीत. मी पर्समधून ते हाड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी दोन्ही खाचांवरून अंगठा फिरवला.

"ह्यां बोकडाचां?"

"होय."

"आणि त्या माशाचांय असांच?"

"होय."

बराच वेळ त्यांनी ते मुठीत धरून ठेवलं. मग माझ्या हातात परत दिलं, मुकुट उचलला, आणि देवळाकडे निघाले.