आकडा अहवालात यावा

मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत घालायची, अशी रीत होती. गाडगेबाबांनी ती मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं. पुढं आयुष्यभर ते कीर्तनातून देवापुढं पशुबळी देऊ नका, असं सांगत राहिले. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. म्हणून अमरावती-अकोल्याच्या प्रयोगशाळांतल्या मुक्या जिवांचा विचार आपल्याला टाळता येत नाही.

बी.एस्सी.च्या कितीतरी पिढ्या मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक चिरत शिकल्या. यूजीसीनं २०११ मध्ये विच्छेदन कमी करायला सांगितलं, २०१४ मध्ये थांबवायला. बेडूक सुटला आणि प्राणिशास्त्राचं काहीही बिघडलं नाही.

संशोधनात मात्र किती प्राणी वापरले, हा आकडा अजून लोकांपुढं येत नाही. एखाद्या पाल्याचा अर्क सुजेवर चालतो का, हे पाहायला एम.फार्म.चा विद्यार्थी सहा-सहाचे पाच गट करतो. झाले तीस पांढरे उंदीर! तोच पाला, तीच सूज दुसऱ्या कॉलेजात पुन्हा. नैतिकता समिती एकेक प्रस्ताव तपासते, पण सगळे मिळून यंदा किती जीव गेले आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी गेले का, हा प्रश्न कोणी विचारायचा? पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा, हे रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच लिहून ठेवलं आहे. औषध-रसायनांच्या सुरक्षितता चाचण्यांतला प्राण्यांचा वापर थांबवायला नेदरलँड्सनं २०२५ हे वर्षच ठरवलं होतं. ते साधलं नाही. तरी वर्ष ठरवलं म्हणूनच घोडं कुठं अडलं, ते कळलं.

सगळं उद्याच थांबेल असं नाही. अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत गाईच्या औषधाची अखेरची पारख गाईवरच होणार. पण पेशींवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्यांना आपल्या औषध नियमांनी २०२३ मध्ये वाट करून दिली आहे. मग त्याच त्या सुजेसाठी दरवर्षी नवे उंदीर कशाला?

कॉलेजं वार्षिक अहवालात शोधनिबंधांची संख्या हौसेनं छापतात. त्याच पानावर यंदा वापरलेल्या प्राण्यांचा आकडा यावा आणि पुढच्या वर्षी तो कितीवर आणणार, तेही. विद्यार्थ्यानं विषय मागितला, की जुने प्रबंध काढून हा प्रयोग आधी झालाय का, ते मार्गदर्शकानं पाहावं. झाला असेल, तर उंदरांची मागणी पुढं पाठवूच नये.