आजचं चिंतन : जुन्या लुगड्याचं झबलं (गीता, अध्याय २, श्लोक २२)



गेले काही दिवस रोजचं चिंतन थोडं उशिरा येतंय, त्याबद्दल माफ करा. कारण तसं गोड आहे. मला सातवा महिना सरत आलाय आणि मी पुण्याहून माहेरी, बोरी अरबला आले आहे. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या काठी लागतं ते आमचं गाव. सध्या कापसाची वेचणी जोरात आहे. अंगणात गाठोडी, पायाला चिकटणारी सरकी, आणि ओसरीवर आजी तिचं जुनं नऊवारी लुगडं पसरून बसलेली, हातात कात्री.

क्रमाने चाललो आहोत, म्हणून आज दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे तो. माणूस जसे जीर्ण झालेले कपडे टाकून नवे घेतो, तसा देहातला आत्मा जीर्ण शरीर टाकून नवं घेतो, असं भगवान अर्जुनाला सांगतात. कुणी गेलं की सांत्वनाला आलेली माणसं हमखास हेच सांगतात.

खरं सांगू? दोन वर्षं मी हा श्लोक टाळत होते. पारायणात आला की डोळे पुढच्या ओळीवर जायचे. आज टाळायचं नाही असं ठरवलंय, म्हणून आधी कारण सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आई होणार होते. हौसेने स्वतः शिवायला बसले. इंटरनेटवर बघून बघून तीन झबली, एक टोपडं, एक दुपटं केलं. त्यातल्या पिवळ्या झबल्यावर हिरव्या दोऱ्याने एक पान काढलं होतं, जरा वाकडंच. सहाव्या महिन्यात ते बाळ गेलं. कपडे आईने इथे आणून पेटीत ठेवले. मला भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण सहज म्हणून गेल्या, "आधीपासून शिवून ठेवू नये गं, म्हणून तर सांगतात." आणि दुसऱ्या कुणीतरी हाच श्लोक ऐकवला. आत्म्याने वस्त्र बदललं, रडू नकोस.

तेव्हापासून माझं भगवंताशी एक भांडण होतं. देवा, तू म्हणतोस जीर्ण वस्त्र टाकतात. कबूल. पणजोबा गेले तेव्हा मला पटलं होतं. पण जे वस्त्र एकदाही अंगावर चढलं नाही, ज्याची घडीसुद्धा मोडली नाही, ते टाकून द्यायची कसली घाई? ते कुठे जीर्ण झालं होतं?

हे भांडण मी ना कीर्तनात कुणाला विचारलं, ना इथे लिहिलं. तुमच्यापैकीही काहीजणांचं असं एखादं न विचारलेलं भांडण असेल. ते असणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे, एवढं मला आता कळलंय.

तर, यंदा मी ठरवून काहीच शिवलं नाही. ऑनलाइन कार्टमध्ये वस्तू टाकायचे आणि काढायचे. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी आजीने लुगडं काढलं. माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या काकू म्हणाल्याही, "अहो, येऊ तर द्या आधी बाळ! मग शिवा." आजीने कात्री खाली न ठेवताच उत्तर दिलं, "काहून वं? लेकरू आल्यावर त्याले काय पेपरात गुंडाळाचं? शिवलं म्हणून लेकरू जात नाई, अन् नाई शिवलं म्हणून थांबत नाई."

मग ती मला शिकवायला लागली. बाळंतविड्यात काय काय लागतं ते बोटांवर मोजलं : झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची. पहिल्या दिवसांचे कपडे जुन्या सुती कापडाचेच करायचे. नव्या कापडाला खळ असते, ती बाळाच्या अंगाला रुतते. जुनं लुगडं शेकडो वेळा धुतलं गेलेलं असतं, ते घाम आणि ओल पटकन टिपतं. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला घ्यायची, म्हणजे आतून काही टोचत नाही. गुंड्या नकोत, बंद लावायचे, तेही आखूड, म्हणजे कशात गुंतायला नको. दुपट्याला दोन-तीन पदर आणि वरून साधा धावदोरा. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड. विरलेला भाग सोडला तरी एका लुगड्यात बाळाचा सगळा संसार बसतो.

मी धावदोरा घालत होते आणि एकदम लक्षात आलं, अगं, श्लोकात जीर्ण वस्त्र टाकायचं असतं आणि नवं घ्यायचं असतं. आजी तर नव्या देहाला जीर्ण वस्त्रच नेसवतेय! मी तिला हे सांगितलं. ती गीताई वाचते रोज. म्हणाली, "देवानं टाकाले सांगतलं, जाळाले नाई सांगतलं. टाकलेलं कोनाच्या तरी कामी येतेच."

तेव्हा मी हसले. पण दोन दिवसांनी ते वाक्य परत समोर आलं.

धीर करून मी पेटी उघडली होती. मनात होतं, जुने कपडे बघूया, जमलं तर याच बाळाला घालूया. पेटीत दोन झबली होती. पिवळं नव्हतं, दुपटंही नव्हतं. आजीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "देलं." आमच्या शेतात वेचणीला येणाऱ्या एका ताईला त्या वर्षी थंडीत मुलगा झाला होता. "तिचं लेकरू उघडं होतं, अन् कपडे पेटीत पडून होते. तुले इचारलं अस्तं त तू रडली अस्ती."

मला खूप राग आला, मंडळी. मला न विचारता? माझ्या बाळाची तेवढीच तर खूण होती! संध्याकाळी मी जेवलेही नाही. इथे रोज वैराग्यावर लिहिणारी मी, एका वीतभर कापडासाठी आजीशी अबोला धरून बसले.

दुसऱ्या दिवशी ती ताई मजुरी घ्यायला आली. सोबत दोन वर्षांचा मुलगा, नाक वाहतंय, मूठभर कापूस घट्ट धरलेला. तिने कमरेला खोचलेलं एक फडकं काढलं आणि त्याचं नाक पुसलं. फडकं पिवळं होतं. म्हणजे कधीकाळी पिवळं होतं. एका कोपऱ्यात माझं वाकडं हिरवं पान अजून दिसत होतं.

मी बघतेय हे पाहून ती संकोचली. म्हणाली, "लय वापरलं जी. याच्यानंतर माह्या भावाच्या पोरीनं घातलं. आता निरा फाटलं, म्हणून फडकं केलं."

मी आत गेले आणि रडले. पण त्या रडण्यात दोन वर्षांचा तो दगड नव्हता. माझ्या बाळाचं झबलं जीर्ण झालं होतं! दोन लेकरांच्या अंगावर ते वाढलं, दुधाने माखलं, धुतलं गेलं, उन्हात वाळलं, फाटलं. कपड्याने जे करायला हवं ते सगळं त्याने केलं. पेटीत राहिलेली दोन अजून कोरी आहेत. त्यांच्याकडे बघून वाटलं, बिचारी अडकून पडली.

आता श्लोकाकडे परत येऊ. माझं बाळ कुठे गेलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. ते मिळालं असं मी इथे खोटं लिहिणार नाही. पण एक गोष्ट दिसली. भगवान हा श्लोक युद्धाच्या पहिल्या दिवशी सांगतात. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडतो. आणि ज्याने साक्षात भगवंताच्या तोंडून गीता ऐकली तो अर्जुन त्या संध्याकाळी पोरासाठी ढसाढसा रडतो. श्रीकृष्ण तेव्हा त्याला "वस्त्रांचं सांगितलं होतं ना, विसरलास?" असं टोचत नाहीत. त्याला सावरतात आणि मग स्वतः सुभद्रेकडे, उत्तरेकडे सांत्वनाला जातात. उत्तरा तेव्हा गर्भवती होती. पुढे तिचं बाळ निष्प्राण जन्मलं, तेव्हा त्याच्यासाठी धावून आले तेही श्रीकृष्णच. तोच परीक्षित.

म्हणजे ज्याने श्लोक सांगितला, त्याला आईचं रडणं चुकीचं वाटलं नाही. श्लोक दुसऱ्याचं रडणं थांबवायला वापरायचा नसतो. आपल्या हाताची मूठ सैल करायला वापरायचा असतो. हे मला त्या फडक्याने शिकवलं.

आणि आजीची गीताई हातात घेतली तेव्हा आणखी एक आठवलं. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिला मराठीतली हवी होती. विनोबांनी गीताई लिहिली १९३० ते ३१ मध्ये. आई तर १९१८ मध्येच गेली होती. जिच्यासाठी लिहिली तिने ती एकदाही वाचली नाही. पण म्हणून त्यांनी ती मनाच्या पेटीत ठेवली नाही. आज बोरी अरबच्या ओसरीवर माझी आजी ती वाचते. एका आईसाठी बेतलेलं वस्त्र किती घरांत वापरून मऊ झालंय बघा.

काल मी दोन्ही कोरी झबली धुतली. एक ठेवलं आमच्या बाळासाठी. दुसरं गावात परवाच बाळंत झालेल्या एका मुलीकडे देऊन आले. आणि आजीशी बोलले. ती म्हणाली, "जेवली का आधी?" एवढंच.

भीती गेली का? नाही. रात्री बाळ थोडा वेळ हललं नाही की मी अजूनही उठून बसते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हालचाल मोजते. पण सकाळी पुन्हा सुई ओवते. प्रत्येक टाक्याला एक नाम घेते. आमच्या संत नामदेवांचं घराणं शिंप्याचंच होतं ना! त्यांना सुई-दोरा सोडून वेगळा देव शोधावा लागला नाही. बाळ कधी येईल, कसं येईल ते माझ्या हातात नाही. शिवण बाहेरच्या बाजूला घेणं माझ्या हातात आहे, म्हणजे त्याला टोचणार नाही.

आजचा अभ्यास : घरात अशी एखादी वस्तू असेल जी तुम्ही दुःखापोटी बांधून ठेवली आहे. आजच द्या असं मी म्हणणार नाही, मला दोन वर्षं लागली आणि तेही आजीने आधीच देऊन टाकल्यावर! फक्त आज ती बाहेर काढा, ऊन दाखवा, आणि देवाला विचारा, ही कुणाच्या कामी येईल? आणि तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ गेलं असेल, तर तिला श्लोक ऐकवू नका. जवळ बसा. जेवली का विचारा.

उद्या तेविसावा श्लोक घेऊ. दुपट्याचा शेवटचा पदर बाकी आहे, म्हणून आज इथेच थांबते.

॥ राम कृष्ण हरी ॥