सावडीचा दुसरा दिवस

आपल्या शेतकऱ्यांच्या जुन्या शब्दभांडारात ‘इर्जिक’ आणि ‘सावड’ असे दोन शब्द आहेत. दोन्हींत शेजारी एकमेकांच्या शेतात राबतात. परंतु त्यांत एक सूक्ष्म भेद आहे. इर्जिकीत ज्याचे शेत नांगरले जाते तो जमलेल्यांना जेवू घालतो आणि त्या जेवणाबरोबर बहुधा हिशेब मिटतो. सावडीत तो मिटत नाही. आज माझ्या शेतात तुझी बैलजोडी चालली, तर उद्या तुझ्या शेतात माझी चालली पाहिजे. सावडीची खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते. रशियन विचारवंत क्रोपोटकिन याने 1902 साली परस्पर साहाय्यावर ग्रंथ लिहिला. आमच्या खेड्यांना तो न वाचताही त्यातले मर्म ठाऊक होते.

हवामानबदलाच्या या काळात ठिकठिकाणी लहान लहान गट उभे राहात आहेत. कोणी पुरात अन्न पोहोचवते, कोणी तळी उपसते, कोणी कांदळवने राखते. त्यांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु हे साहाय्य खरोखर ‘परस्पर’ असते काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. केरळच्या किनाऱ्यावर तो ज्या स्पष्टतेने उभा राहिला, तसा मला अन्यत्र दिसलेला नाही.

2018 च्या ऑगस्टमध्ये केरळात 1924 नंतरचा सर्वांत मोठा पूर आला. जूनच्या आरंभापासून 19 ऑगस्टपर्यंत सरासरीहून 42 टक्के अधिक पाऊस झाला होता. धरणांचे दरवाजे उघडावे लागले. चारशेहून अधिक माणसे दगावली. शासनाची साधने अपुरी पडू लागली, तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवल्या आणि समुद्राकडे पाठ करून ते चेंगन्नूर, आलुवा अशा आतल्या गावांकडे निघाले. दक्षिणेकडील किनाऱ्यावर त्यांतले पुष्कळसे लॅटिन विधीचे कॅथलिक; चर्चमधून आवाहने झाली आणि होड्या जमल्या. मलबारकडे ताणूरच्या एका तरुण मुसलमान मच्छीमाराने स्त्रियांना होडीत चढता यावे म्हणून पाण्यात ओणवे होऊन आपल्या पाठीची पायरी केली. कुंपणाच्या भिंती आणि बुडालेली फाटके यांवर आपटून कित्येक होड्या फुटल्या. राज्य शासनाच्या आकड्यांनुसार 669 होड्या आणि सुमारे 4,500 मच्छीमार यांनी किमान 65,000 माणसे वाचवली. प्रत्येक होडीमागे दिवसाला 3,000 रुपये देण्याची घोषणा झाली, तेव्हा माणसे वाचवण्याचे मोल नको म्हणून काहींनी ते नाकारले. मुख्यमंत्र्यांनी त्यांना केरळचे सैन्य म्हटले.

या माणसांना स्वतःला साहाय्याची गरज पडली होती, त्या गोष्टीला तेव्हा पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. 2017 च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी चक्रीवादळाने केरळ आणि तमिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांना गिळले. इशारा वेळेवर मिळाला नाही, शोधकार्य संथ चालले, असा किनाऱ्याचा आक्रोश होता. अखेर मच्छीमार स्वतःच होड्या घेऊन आपल्या माणसांना शोधायला निघाले.

आणि चार वर्षांनी, 2022 च्या ऑगस्टमध्ये, तेच मच्छीमार विळिंजम बंदराच्या फाटकाशी येऊन बसले. समुद्राने घरे नेलेली कित्येक कुटुंबे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर सिमेंटच्या जुन्या गुदामात वर्षानुवर्षे दिवस काढीत होती. बंदराचे काम थांबवा, किनाऱ्याच्या धुपेचा अभ्यास करा, आमचे पुनर्वसन करा, असे त्यांचे म्हणणे होते. बंदरामुळे धूप होत नाही, असे शासनाचे म्हणणे. कालचे सैनिक आता विकासाचे शत्रू ठरले. नोव्हेंबरच्या अखेरीस जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्याचे समर्थन कोणी करू नये. 6 डिसेंबरला आंदोलन मागे घेतले गेले. काम थांबवण्याची मुख्य मागणी मान्य झाली नव्हती. 2 मे 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंदराचे लोकार्पण झाले.

येथे विचार जपून केला पाहिजे. होडीने माणसे वाचवली म्हणून होडीवाल्याचे प्रत्येक म्हणणे खरे ठरत नाही. किनारा कशाने खचतो, हा शास्त्राचा प्रश्न आहे आणि तो कृतज्ञतेने सुटणार नाही. मात्र कृतज्ञतेने एक गोष्ट नक्कीच देणे लागते: त्या माणसाला समोर बसवून, आपल्या बरोबरीचा मानून त्याचे ऐकणे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले संत ग्रेगरी यांनी असे शिकवले होते की गरजवंताला देताना आपण दया करीत नसून त्याचेच त्याला परत करीत असतो. दातृत्वाच्या सुखात रमणाऱ्यांना ही शिकवण आजही गैरसोयीची वाटते. न मागणारा मदतगार आपल्याला फार आवडतो. तो मागू लागला की त्याच्या पाठीची पायरी आपण विसरतो.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यावर प्रवचन करताना एक विचार माझ्या मनात अनेकदा येतो. पुढच्या आठवड्यात तोच शोमरोनी यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडला असता, तर बरा झालेला तो वाटसरू थांबला असता काय? दाखला त्याविषयी मौन बाळगतो.

आपल्या वसईकडेही हा दुसरा दिवस येऊन ठेपला आहे. केरळातील पुराच्या महिनाभर आधी, 2018 च्या जुलैत, वसई, नालासोपारा आणि विरार अनेक दिवस पाण्याखाली होते. पावसाचे पाणी साठवून विहिरी गोड ठेवणारी आपली बावखले गेल्या काही दशकांत एकामागून एक बुजवली गेली. त्या जमिनी विकणाऱ्यांत आपल्यातलेही काही होते. आता तरुणांचे गट उरलेली बावखले उपसत आहेत, ही मोठी समाधानाची गोष्ट. पण सखल भागातल्या चाळींत ज्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरले, ते बहुतेक बाहेरून आलेले. भराव कोणी टाकला, असे विचारण्याचा त्यांना हक्क आहे, हे या गटांतल्या किती जणांना मान्य होईल?

डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये मंजुरी दिली. पालघर जिल्ह्यातील मच्छीमार त्यापूर्वी कित्येक वर्षे विरोध करीत आले होते. त्यांचा प्रत्येक मुद्दा बरोबर आहे की नाही, ते त्यांच्याशी बोलल्यावाचून ठरवता येणार नाही. एखाद्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्यांना आपल्या सभागृहात बोलवावे, बावखले उपसणाऱ्या मुलांना पुढच्या बाकांवर बसवावे आणि त्या दिवशी व्यासपीठावर आपल्यापैकी कोणी बोलू नये.