गणित शिकवा, पण मराठीतून

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा महाराष्ट्रात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेचार. त्या वेळी नाशिकच्या, साताऱ्याच्या किंवा लातूरच्या एखाद्या बाई लॅपटॉप उघडून तिकडच्या पाचवीतल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज शिकवत असतात. मुलाचे आईवडील मराठी, बाई मराठी, मुलाला घरातलं मराठी बऱ्यापैकी कळतं. तास मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत होतो. बाई सराव केलेल्या इंग्रजीत समजावतात, मुलगा त्याच्या अमेरिकी इंग्रजीत उत्तरं देतो, आणि अधूनमधून दोघांनाही एकमेकांचं बोलणं परत विचारावं लागतं. मग रविवारी हाच मुलगा मराठी शाळेत जाऊन फळांची आणि रंगांची नावं पाठ करतो.

परदेशातल्या मराठी पालकांनी मायदेशातला शिक्षक लावावा, याला माझा विरोध नाही. उलट ही सोय आपल्या हाताशी आली हे भाग्यच म्हणायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की, या शिक्षकाला मराठीतून शिकवू द्यावं. गणित, विज्ञान, जे काही असेल ते. तसं केलं नाही तर आपण दोन्हीकडून तोट्यात जातो आणि त्या शिक्षकावरही अन्याय करतो.

आखातातल्या कुटुंबांची गोष्ट थोडी वेगळी आहे. दुबई-मस्कतमध्ये भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. तिथल्या बहुतेक कुटुंबांना आज ना उद्या परतायचं असतं आणि मुलांना इथल्याच प्रवेशपरीक्षा द्यायच्या असतात. घड्याळात फरक फक्त दीड तासाचा. इथला शिक्षक तिथे सरळ उपयोगी पडतो. प्रश्न आहे तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबांचा. त्यांची मुलं तिथेच वाढणार, तिथल्याच शाळांत शिकणार आणि बहुधा तिथेच राहणार. त्यांचे पालक इथला शिक्षक का शोधतात?

पहिलं कारण पैसा, आणि ते लपवण्यासारखं नाही. अमेरिकेत घरगुती शिकवणीच्या एका तासाला जे पडतं त्यात इथला शिक्षक तीन-चार तास देतो. या फरकावर एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. २००५ मध्ये बंगळुरूत ट्यूटरव्हिस्टा ही कंपनी निघाली आणि तिने अमेरिकी पालकांसमोर साधा हिशेब ठेवला: महिन्याला शंभर डॉलर भरा आणि हवे तेवढे तास घ्या. शिक्षक घरूनच शिकवत. त्यांत निवृत्त शिक्षक होते, लग्नानंतर नोकरी सोडलेल्या पदव्युत्तर स्त्रियाही होत्या. अशा कंपन्या शिक्षकांना अमेरिकी उच्चार आणि तिथल्या शाळेची भाषा शिकवत. २०११ मध्ये पिअरसन या शैक्षणिक प्रकाशन कंपनीने ट्यूटरव्हिस्टाचा मोठा हिस्सा घेतला आणि २०१७ मध्ये ती बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीकडे गेली. २०२० मध्ये बायजूजनेच व्हाइटहॅट ज्युनियर ही मुंबईची कंपनी तीस कोटी डॉलरना घेतली. तिथेही शिकवणाऱ्या मुख्यतः भारतातल्या स्त्रिया होत्या आणि डोळा परदेशी पालकांवरही होता. या सगळ्या धंद्याचा पायाच असा होता की, शिक्षक भारतातला आहे हे मुलाला जितकं कमी जाणवेल तितकं चांगलं.

दुसरं कारण श्रद्धेचं आहे. ‘आपल्याकडचं गणित पक्कं असतं’ हे वाक्य परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात ऐकू येतं. मला हे अर्धसत्य वाटतं. ‘प्रथम’ संस्थेचे असर अहवाल ग्रामीण भारतातल्या मुलांच्या घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीवर आधारलेले असतात. आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, असं ते पुन्हा पुन्हा दाखवत आले आहेत. पक्कं असतं ते त्या पालकांचं स्वतःचं गणित. गाळत गाळत अभियांत्रिकीपर्यंत आणि तिथून परदेशापर्यंत पोचलेल्यांचं ते गणित आहे. शिवाय तिकडच्या शाळेची रीत वेगळी असते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी २०१० पासून स्वीकारलेल्या कॉमन कोअर आराखड्यात भागाकाराची आपल्या ओळखीची रीत सहावीत येते. त्याआधी दोन वर्षं मुलं चौकटी आखून, संख्या फोडून, टप्प्याटप्प्याने भाग लावतात. इथल्या बाई पहिल्याच तासाला सरळ भागाकार शिकवतात. मुलाचं उत्तर बरोबर येतं, आणि ते कसं काढलंस ते दाखव, असं शाळेतल्या शिक्षिकेने म्हटलं की तो गोंधळतो. चांगला शिक्षक ही अडचण पंधरा दिवसांत ओळखतो आणि दोन्ही रीतींची सांगड घालतो. पण मग त्याचं कौशल्य ‘आपल्या गणितात’ आहे असं म्हणता येत नाही. मुलाला काय अडतं आहे हे ओळखण्यात ते आहे.

म्हणजे श्रद्धा बाजूला ठेवली की स्वस्तपणा तेवढा उरतो. आणि स्वस्त आहे म्हणून घेतलेली गोष्ट त्याहून स्वस्त काही आलं की सुटते. २०२३ मध्ये खान अकादमीने खानमिगो हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा शिकवणी-सहायक आणला. महिन्याला काही डॉलरांत तो इंग्रजीत, न कंटाळता, रात्री-अपरात्री गणितातल्या पायऱ्या समजावतो. तो आज चांगल्या शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही असं मला ठामपणे वाटतं. पण इंग्रजीतून उदाहरणं सोडवून घेणारा स्वस्त माणूस एवढीच ज्या शिक्षकाची ओळख आपण ठेवली आहे, त्याची जागा तो घेणार. पहाटे उठणाऱ्या बाईंना काम राहायचं असेल तर त्यांच्याकडे जे दुसऱ्या कुणाकडे नाही ते मागितलं पाहिजे.

ते काय, याचं उत्तर गाण्याच्या ऑनलाइन तासांत आधीच सापडलं आहे. परदेशातली कितीतरी मराठी मुलं पुण्या-मुंबईतल्या, मिरज-कोल्हापुरातल्या गुरूंकडे शास्त्रीय गाणं आणि तबला शिकतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही देतात. हा तास तांत्रिकदृष्ट्या सर्वांत अवघड. आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही. गुरूने एक ओळ गायची, थांबायचं, मग मुलीने गायची. तबल्याला लेहरा, म्हणजे साथीची फिरती सुरावट, मुलाच्या बाजूनेच लावावा लागतो, म्हणजे निदान गुरूला लेहरा आणि तबला दोन्ही एकदम ऐकू येतं. झूमची गोंगाट गाळणारी यंत्रणा तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून पुसून टाकते. मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची सोय आठवणीने सुरू करावी लागते. एवढं सगळं सांभाळून हे तास वर्षानुवर्षं चालतात आणि बहुतेक ठिकाणी ते मराठीत चालतात. कुणी तसं ठरवलेलं नसतं. ‘सा नीट लाव. घाई करू नकोस. परत म्हण. आता समेवर ये.’ गुरूंच्या तोंडून हेच येतं आणि मुलीला ते कळावंच लागतं, कारण न कळलं तर पुढचं गाणं अडतं. काही महिन्यांनी ती मराठीत प्रश्न विचारू लागते. ‘हे कोमल आहे का?’ एवढाच प्रश्न असतो. पण तो तिचा स्वतःचा असतो, कुणी पाठ करून घेतलेला नसतो.

भाषा टिकते ती अशा कामामुळे. जोशुआ फिशमन यांनी भाषा पिढ्यांमधून कशा सुटतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की, घरात आणि जवळच्या माणसांत वापरात नसलेल्या भाषेला एकटी शाळा तारू शकत नाही. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा, तिथे शनिवार-रविवारी विनामोबदला शिकवणारे पालक, पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या मदतीने होणाऱ्या परीक्षा यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आठवड्यातला एक तास, तोही फक्त भाषेबद्दलचा, अपुराच पडणार. आजी-आजोबांशी होणाऱ्या बोलण्याचंही तसंच. ‘जेवलास का, शाळा काय म्हणते, थंडी किती आहे’ इथवर येऊन ते संपतं. प्रेम कमी असतं म्हणून नव्हे. आजी आणि नातू यांच्यात एकत्र करायचं असं काही कामच नसतं. गणिताच्या तासात ते काम असतं. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, समोर एकच वही, सुटत नसलेलं एकच उदाहरण, आणि ते सोडवून घ्यायला बसलेलं एक मोठं माणूस.

‘पण त्याला परीक्षा इंग्रजीत द्यायची आहे’ हा आक्षेप मी अनेक पालकांकडून ऐकला आहे. त्याला उत्तर आपल्याच वर्गांत आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य सेमी-इंग्रजी वर्गांत गणिताचं पुस्तक इंग्रजी असतं आणि शिकवणं मराठी. ‘डिनॉमिनेटर आधी सारखे करून घे, मग न्यूमरेटरची बेरीज कर. इथे तीनने गुणलंस ना, मग वरही तीननेच गुणायला हवं.’ असं बोलणारे हजारो शिक्षक आज आहेत. संज्ञा इंग्रजी, समजावणं मराठी. परिभाषेच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही. मी मात्र परदेशातल्या मुलांसाठी हीच भाषा मागतो आहे, कारण संज्ञा शाळेत वापरायच्या त्याच राहतात आणि विचार करायला दुसरी भाषा मिळते. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सांगत आले आहेत की, एका भाषेत नीट समजलेली संकल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. खाली पाया एकच असतो. दिवसाचे सहा-सात तास इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाचं इंग्रजी आठवड्यातल्या दोन मराठी तासांनी बिघडेल ही भीती निराधार आहे.

मुलगाच नको म्हणाला तर? म्हणेल. पहिले काही तास तो इंग्रजीतच उत्तरं देईल, आणि ती देऊ द्यावीत. बाईंनी मराठीत विचारत राहावं. तो समजून घेतो आहे एवढं पुरे. ज्या घरात मराठी मुळीच बोललं जात नाही, तिथे हा उपाय चालणार नाही हेही मान्य केलं पाहिजे. आणि जो मुलगा गणितात आधीच खूप मागे पडला आहे, त्याच्यावर दुसऱ्या भाषेचं ओझं लगेच टाकू नये. त्याला आधी सावरू द्यावं.

पालकांपेक्षा मोठी अडचण मला शिक्षकांच्या मनात दिसते. परदेशातल्या मुलाला शिकवायचं म्हणजे इंग्रजीतच, नाहीतर आपल्याला कमी लेखतील, असं त्यांना वाटतं. असं का वाटू नये? ज्या बाजारात त्या उभ्या आहेत तिथे उच्चारांवरून गुण पडत आले आहेत. इंग्रजीत शिकवताना ही माणसं अर्धी होऊन शिकवतात. मुलाची चूक पाहून जी नेमकी कोपरखळी सुचते ती जिभेवर येत नाही, गोष्ट सांगता येत नाही, रागावताही येत नाही. पावकी-निमकी-दिडकी पाठ असलेले, सव्वा आणि अडीचचे हिशेब बोटांवर करणारे निवृत्त गुरुजी इंग्रजीत एखाद्या ॲपसारखे बोलू लागतात. मराठीत तेच गुरुजी वर्गाला खिळवून ठेवत होते. पालकांनी स्पष्टपणे ‘मराठीतच शिकवा’ असं सांगितलं, तर पहिला बदल शिक्षकात होईल आणि त्याचा फायदा गणितालाही मिळेल.

हे शिक्षक कोण आहेत, याचाही विचार व्हायला हवा. शिक्षणहक्क कायद्याच्या २८व्या कलमाप्रमाणे नोकरीतल्या शालेय शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. म्हणून या तासांत भेटतात ते बहुतेक करून नोकरी न मिळालेले किंवा नोकरी संपलेले लोक. बीएड होऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लावून बसलेल्या मुली, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राबणारे पीएचडीधारक, निवृत्त शिक्षिका. नोकरी लागली तरी सुरुवातीला पदरात फार पडत नाही: शिक्षणसेवकाचं महिन्याचं मानधन २०२३ मध्ये वाढवलं तेव्हा ते प्राथमिकला सोळा हजार झालं. त्याआधी कितीतरी वर्षं सहा हजारच होतं. त्या नोकरीचीही वाट पाहणाऱ्या माणसाला परदेशातली शिकवणी आधार वाटते, आणि म्हणूनच तो कुठल्याही अटींना हो म्हणतो. पहाटे साडेतीनचा तासही स्वीकारतो. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची घड्याळं पुढेमागे झाली की त्याचं सगळं वेळापत्रक सरकतं. मुलाची फुटबॉलची मॅच निघाली की तास दहा मिनिटं आधी रद्द होतो आणि त्या तासाचे पैसे मिळत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब फिरायला गेलं की दोन महिने उत्पन्न बंद. हेच पालक तिकडच्या पियानो-शिक्षकाशी असं वागत नाहीत. तिथे चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी द्यावी लागते, आणि ते निमूट देतात.

घड्याळाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवता येतो. कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा म्हणजे इथे सकाळचे साडेसहा किंवा साडेसात. हा तास दोघांनाही चालतो. पूर्व किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी शाळेआधीचा सकाळचा सातचा तास घेतला तर इथे दुपारचे साडेचार किंवा साडेपाच होतात. शनिवारी सकाळी नऊचा घेतला तर इथे संध्याकाळ असते. मुलाला थोडं लवकर उठावं लागेल. बाईंची झोप वाचणार असेल तर एवढं मुलाने करायला हरकत नाही, आणि ते का करायचं हे त्याला सांगायलाही हरकत नाही. आपल्याला शिकवणारी व्यक्ती एका घरात राहते, तिलाही मुलं आहेत, तिच्याकडे या आठवड्यात गणपती आहेत आणि म्हणून तास नाही, हे त्याला कळलं पाहिजे. आज त्याला एवढंच ठाऊक असतं की पडद्यावर एक मिस येते.

आता राहिला फीचा मुद्दा. मराठीतून शिकवायला सांगायचं आणि इंग्रजी येत नाही म्हणून दर पाडायचा, हे होण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. त्याचा बंदोबस्त पालकांनी आधीच करावा. ज्या तासात मुलगा अपूर्णांकही शिकतो आणि मराठीही, तो तास दोन विषयांचा आहे. त्याची फी आजच्या इंग्रजी तासापेक्षा जास्त असायला हवी, सुट्टीच्या महिन्यांत निदान निम्मी तरी चालू राहायला हवी, आणि हे सगळं पहिल्या तासाआधी लिहून द्यायला हवं.