संमती कोणाची, जबाबदारी कोणाची?



शेताचा सौदा असो की कर्जाचा कागद, अठरा वर्षांखालील मुलाची सही चालत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यापासून आपण हे मानीत आलो आहोत. याचे कारण काय? सही करण्यास हात पुरतो; संमती देण्यास समज लागते. मात्र तेच मूल मोबाईल हाती घेऊन 'मान्य आहे' या शब्दावर बोट ठेवते, आणि त्याची आवड, त्याचे मित्र, त्याचा ठावठिकाणा या साऱ्यांचा सौदा क्षणात पूर्ण होतो. ही संमती म्हणावी काय?

हाच प्रश्न आता कायद्याने हाती घेतला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले. बालकाची माहिती घेण्यापूर्वी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवू नये, त्याला हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात सांगितले आहे. ही कर्तव्ये मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले व कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. ऑस्ट्रेलियाने याहून कठोर पाऊल उचलले. तेथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. दंड मात्र मुलाला नाही, पालकालाही नाही. तो कंपनीला आहे. हे तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्या सीमाभागाकडे पाहू या. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील कितीतरी आई-बाप पोटासाठी पुण्या-मुंबईला, हैदराबादला असतात. मूल आजी-आजोबांपाशी वाढते. सिमकार्ड आजोबांच्या नावाचे आणि फोन नातवाच्या हाती! संमतीसाठी आकडे येतात तेही त्याच फोनवर. आजोबांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, ते म्हणतात, "बाळा, काय आलंय ते तूच बघ." म्हणजे नातूच आजोबांच्या वतीने स्वतःला परवानगी देतो. कायदा कागदावर पाळला जातो, आणि मूल होते तेथेच राहते.

दुसरीही अडचण आहे. मूल कोण हे ओळखायचे तर दारात येणाऱ्या प्रत्येकाचेच वय विचारावे लागते. लहानांना वाचविण्यासाठी थोरांनीही आपली ओळखपत्रे परक्यांच्या हाती द्यावयाची काय? आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. एका हक्काच्या रक्षणासाठी दुसरा गमावू नये. म्हणून वयाची खात्री करताना 'अठरा पूर्ण आहेत' एवढेच कळावे. नाव, गाव, जन्मतारीख साठवून ठेवण्याचे कारण नाही.

येथे कोणी विचारील, "स्वामीजी, वयावरून योग्यता ठरविणे शरणांना मान्य होते काय? परंपरा सांगते की बसवण्णांनी आठव्या वर्षीच मुंज नाकारली आणि घर सोडले. वडीलधाऱ्यांच्या संमतीची वाट पाहिली असती तर बसवण्णा घडले असते काय? वयाने लहान असलेल्या चन्नबसवण्णांना तर शरणांनी महाज्ञानी म्हणून गौरविले." आक्षेप खरा आहे. ज्ञानाला वयाचे कुंपण नाही, आणि मुलाची जिज्ञासा दडपणे हे पापच होय. परंतु कूडलसंगमात त्या बालकाला गुरू भेटले. ते त्याला ज्ञान देणारे होते; त्याच्या जिज्ञासेवर नफा कमावणारे नव्हते. भेद येथेच आहे. मूल काय पाहते याची चिंता आपण करतो, ती करावीच. पण मुलाकडे कोण पाहतो आहे आणि कशासाठी, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. पाळत व हेरून केलेल्या जाहिराती यांवरील बंदी मला वयाच्या अटीहून अधिक मोलाची वाटते, ती यासाठीच. वयाची अट मुलाला अडविते. ही बंदी व्यापाऱ्याला अडविते. दुसऱ्याच्या अजाणतेपणावर मिळविलेल्या धनाला आपण कायक म्हणत नाही.

मग आपले काम काय? शरणांनी सदाचाराबरोबर गणाचारही सांगितला. समाजावर येणारे संकट समाजाने मिळून अडवावे, हा त्याचा अर्थ. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये तेच केले. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद होत. बेळगावजवळच्या हलगा गावानेही २०२४ मध्ये हा मार्ग धरला. या नियमाची थोरवी अशी की तो मुलांपुरता नव्हता. बापाचाही फोन खाली ठेवला जाई. तेथे कोणाचे ओळखपत्र मागावे लागले नाही.

वाचकहो, कायदा हवाच. एकटा बाप बलाढ्य कंपनीशी झुंजू शकत नाही. ते शासनाचे काम आहे. परंतु संमती मागितली जाईल ती तुम्हाला. ती देण्यापूर्वी मुलाजवळ बसा, तो काय पाहतो ते त्याच्याच तोंडून ऐका, समजत नसेल तर त्यालाच विचारा. आई-बाप दूर असतील तर गल्लीतील शिकलेल्या लेकीसुनांनी शेजारच्या आजोबांना दोन अक्षरे वाचून दाखवावीत; हाही दासोहच आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे कायद्याने माणूस सज्ञान होतो. पण पालकाची संमती खरी ठरते ती त्याच्या समजेने. आणि ती समज मिळविणे हे मुलाचे नव्हे, आपले कर्तव्य आहे.

शरणु शरणार्थी.