समुद्रापलीकडचा तोच दगड

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावरचा ‘जायंट्स कॉजवे’ बघायला गेलो, तेव्हा त्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती ऐकली भर वाऱ्यात, एका वयस्क वाटाड्याच्या तोंडून. समोर सुमारे ४०,००० काळे खांब, बहुतेक षट्कोनी, फरसबंदीसारखे समुद्रात उतरत गेलेले.

फिन मॅकूल हा आयरिश कथांमधला महाकाय वीर. पलीकडच्या स्कॉटलंडमधल्या बेनॅनडॉनरशी त्याचं वैर. लढायला जाता यावं म्हणून त्याने ही वाट बांधली. पण वैरी आपल्याहून कितीतरी आडदांड आहे हे दिसताच तो घरी पळाला. मग त्याची बायको ऊना पुढे झाली. तिने नवऱ्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. बेनॅनडॉनरने डोकावून पाहिलं आणि बाळ एवढं तर बाप केवढा, या धास्तीने तो आल्या पावली पळत सुटला. पळताना वाट उखडत गेला. उरली ती दोन टोकं : एक इथे, दुसरं स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर.

त्या दुसऱ्या टोकापाशी मी थबकलो. कारण स्टाफावर खरोखरच तसे खांब आहेत. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी या टापूत ज्वालामुखी जागे होते. त्यांचा लाव्हा थंड होताना आकसला आणि आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखा तडकला. हे कारण गोष्टीला माहीत नव्हतं. पण दोन्हीकडचा दगड एकच आहे, हे होडीतून ये-जा करणाऱ्या कोणीतरी नीट पाहिलं असणार. ते विसरलं जाऊ नये म्हणून त्याभोवती वैर आलं, पाळणा आला, फजिती आली. लोककथा म्हणजे अडाण्यांची करमणूक, हे मला मुळीच मान्य नाही.

सगळ्याच कथा इतक्या इमानी नसतात, हेही खरं. नाशिकच्या पांडवलेण्यांचा पांडवांशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली आहेत आणि दान देणाऱ्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. पांडवांच्या गोष्टीने ती माणसं झाकून टाकली. म्हणून गोष्ट ऐकावी आणि दगडही वाचावा.

मुंबईतल्या अंधेरीची गिल्बर्ट हिल कॉजवेच्याच जातीची : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे बसाल्टचे उभे खांब, माथ्यावर गावदेवीचं देऊळ, भोवती इमारतींची दाटी. तिच्या पायथ्यावरून मी वर्षानुवर्षं गेलो, देवीला हात जोडले. हा कडा असा उभा कसा, याबद्दल जुनी माणसं काय सांगतात, हे मात्र कधी कोणाला विचारलं नाही. कॉजवेवर तोच प्रश्न मी पाच मिनिटांत विचारला होता. परमुलखात प्रश्न विचारायचा संकोच वाटत नाही. घराजवळ उत्तर ठाऊक असल्यासारखे आपण वागतो.

त्या टेकडीची एखादी गोष्ट तुमच्या घरात आजी-आजोबा सांगत असतील, तर ती त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. मला ती ऐकायची आहे.