न जाणवलेला झटका

अनुपलब्धी, म्हणजे एखादी गोष्ट न जाणवणे, तिच्या नसण्याचा पुरावा केव्हा ठरते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टाच्या परंपरेने अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांनी तिला प्रत्यक्षाची सहकारी ठरवले. एका अटीवर मात्र दोन्ही परंपरा एकत्र येतात : जे असते तर दिसलेच असते, त्याच्याच बाबतीत ‘दिसत नाही, म्हणून नाही’ असे म्हणता येते. लख्ख उजेडात जमिनीवर घट दिसला नाही, तर तो तेथे नाही. पिशाच स्वभावतःच अदृश्य मानलेले. ते न दिसल्याने त्याचा अभाव सिद्ध होत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीच्या मतेही अशा ठिकाणी फक्त संशय उरतो.

घरी लॅपटॉप उघडून रॅम किंवा एसएसडी बदलताना हीच अट कसोटीला लागते. चालताना, सिंथेटिक कपडे अंगावर घासताना शरीरावर स्थिर विद्युतभार साचतो. हवा कोरडी असेल तर तो सहजी निचरत नाही आणि शरीराचा विद्युतदाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका माणसाला सहसा जाणवत नाही. चिपमधल्या ट्रान्झिस्टरचा निरोधक थर मात्र अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि काही नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतल्या विसर्गानेही, म्हणजे साचलेला भार एकदम निसटण्यानेही, बिघडू शकतात. या दोन आकड्यांमधला सारा पट्टा इंद्रियांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून ‘झटका बसला नाही’ हे खरे असले, तरी ‘विसर्ग झाला नाही’ हे त्यातून निघत नाही. शिवाय थर अर्धवट दुखावला, तर भाग त्या वेळी चालू राहून पुढे कधीतरी दगा देऊ शकतो; तेव्हा कारण आणि कार्य यांची सांगड घालणे जवळजवळ अशक्य होते.

इंद्रिये जेथे साक्ष देत नाहीत, तेथे अनुमानावर भिस्त ठेवावी लागते. विसर्गाचे कारण विद्युतदाबातला फरक. फरक नाहीसा केला की विसर्ग टळतो. त्यासाठी प्रथम लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी सोडवावी. मनगटावर अँटिस्टॅटिक पट्टा बांधून त्याची क्लिप लॅपटॉपच्या रंग न दिलेल्या धातूच्या चौकटीला लावावी. पट्ट्याच्या तारेत सुमारे १ मेगाओहमचा रोध असतो. त्यामुळे भार हळूहळू वाहून जातो, आणि चुकून २३० व्होल्टच्या वाहिनीला स्पर्श झालाच तरी पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह शरीरातून जातो. पट्टा नसेल तर काम करताना पुन्हा पुन्हा त्या चौकटीला हात लावावा. नवा भाग बसवण्याच्या क्षणापर्यंत अँटिस्टॅटिक पिशवीतच राहू द्यावा आणि कडांनी धरावा. त्याच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. काम गालिच्यावर किंवा अंथरुणावर करू नये.

नुसत्या हातांनी अनेकदा रॅम बदलूनही काही बिघडले नाही, असा आक्षेप येतो. तो अनुभव खोटा नव्हे : दमट हवेत भार कमी साचतो आणि बहुतेक चिपमध्ये संरक्षक मंडले असतात. पण व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींमधला निरपवाद संबंध, ठरवताना अपवाद दिसला नाही एवढे पुरत नाही. तो असता तर दिसला असता, हेही दाखवावे लागते. सुप्त बिघाडाच्या बाबतीत तसे दाखवता येत नाही.

संशयालाही मर्यादा आहे. दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ती सांगितली : माणसाच्या स्वतःच्याच वागण्याशी विसंगत ठरेल तेथे शंका थांबते. भूक भागवण्यासाठी जेवणारा माणूस अन्नाने तृप्ती होते का, अशी शंका धरून बसत नाही. त्याचप्रमाणे, कारण ओळखून दाबातला फरक नाहीसा केल्यावर भीती बाळगत राहण्याला आधार उरत नाही. न जाणवणाऱ्या धोक्याविषयीची विवेकी सावधगिरी कारणाच्या ज्ञानापासून सुरू होते, आणि ते कारण दूर झाल्यावर तिचे काम संपते.